आतला ऐवज तोच, कुलपं मात्र तीन

रातकिडा (धागाकर्ता)

मंडळी, काल संध्याकाळी दाराला तिसरं कुलूप बसवून घेतलं. बसवणारा स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "आत एवढं काय ठेवलंय?" म्हटलं, "काही नाही, दहा वर्षांपूर्वी होतं तेच." तो नुसता हसला. ते हसू काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा चर्चेचा धागा.

दहा वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या जादा किल्ल्या जिन्यातल्या मीटरपेटीवर एका पत्र्याच्या डब्यात असायच्या. कोणाचा पाहुणा लवकर टपकला, कोणाचा नळ चालू राहिला, की जो घरी असेल तो डबा उघडायचा. आता डबा नाही. मधल्या काळात समोर काचेची उंच इमारत उभी राहिली, चारातली दोन बिऱ्हाडं बदलली, आणि जुन्या दोघांपैकी एकाचं फार बरं चाललंय, दुसऱ्याचं (म्हणजे माझं) होतं तसंच.

प्रश्न असा: "गरीब-श्रीमंतांतली दरी वाढली की गुन्हे वाढतात" हे आपण सगळेच बोलून जातो. पण दरी वाढल्यावर नेमकं होतं काय? खालच्याला वरच्याचं बघून हाव सुटते? की दोघं एकमेकांना ओळखेनासे होतात आणि त्या फटीतून गुन्हा आत शिरतो? आधी काय येतं, दरी की अविश्वास?

अनुभव, आकडे, भांडणं, सगळं चालेल. फक्त "पूर्वी किती छान होतं" एवढंच लिहायला येऊ नका. ते मी वर लिहून ठेवलंय.

नवशिका

विषय जोरदार. खुर्ची टाकून बसलोय.

शंकेखोर

धाग्याच्या पोटात एक गृहीतक दडलंय, ते आधी बाहेर काढू. गरीब म्हणजे चोर, असं सुचवायचंय का? माझं लहानपण दोन खोल्यांत सात माणसं अशा घरात गेलं. आणि वस्तीत सगळ्यात जास्त लुटले जायचो ते आम्हीच. चोराला बंगल्यापर्यंत जायचं तर वाहन लागतं, शेजारच्या खोपटापर्यंत चालत जाता येतं.

रातकिडा

नाही हो, तसं अजिबात म्हणायचं नाही. उलट वाहनाचं तुम्ही म्हणालात ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

गणिती

शंकेखोर, आकडे तुमच्याच बाजूने आहेत. गरिबी वेगळी, विषमता वेगळी. सगळेच सारखे गरीब असतील तिथे विषमता शून्य. ती मोजायचं नेहमीचं माप म्हणजे जिनी गुणांक, इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर ०, सगळं एकाच्याच खिशात असेल तर १.

२००२ मध्ये फाय्नझिल्बर, लेडरमन आणि लोआयझा या तिघांनी चाळीसच्या आसपास देशांचे तीसेक वर्षांचे आकडे तपासले. जिनी जास्त तिथे खून आणि जबरी चोऱ्या जास्त. आणि एकाच देशात काळानुसार विषमता बदलली तरी संबंध त्याच दिशेचा.

यावर कोणीही म्हणेल की विषम देश बहुतेक गरीबही असतात, मग दोष गरिबीचाच कशावरून नाही? म्हणून कॅनडाचं उदाहरण मला फार आवडतं. डेली, विल्सन आणि वासदेव यांनी २००१ मध्ये तिथले प्रांत पाहिले. तिथे उलटा प्रकार आहे: सधन प्रांतांत विषमता जास्त, कमी उत्पन्नाच्या प्रांतांत कमी. मग खून कुठे जास्त निघावेत? विषम प्रांतांत. सधन असूनही.

आडवाट

गणिती, सोयीचे देश निवडले की काहीही सिद्ध होतं. माझे ऐका.

हाँगकाँगचा २०१६ चा जिनी ०.५३९, म्हणजे जगातल्या अतिविषम शहरांत मोजावा असा. खून? लाखामागे एकापेक्षाही कमी. सिंगापूरही त्याच जातकुळीतलं.

अमेरिकेत १९९१ मध्ये लाखामागे ९.८ खून व्हायचे. २०१४ पर्यंत ते साडेचारवर आले, निम्म्याहून कमी. त्याच वर्षांत तिथली विषमता वाढत होती. १९३० च्या महामंदीत तर १९३३ नंतर खून उतरायला लागले, मंदी अजून चालू असताना.

आणि मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. २०१५ मध्ये लाखामागे शंभराच्या वर खून, तेव्हा युद्ध नसलेल्या देशांत अगदी वरच्या टोकाला. त्यांचा जिनी मात्र ब्राझीलपेक्षा कितीतरी कमी! मग २०२२ च्या मार्चमध्ये आणीबाणी आली, सत्तर हजारांहून जास्त माणसं आत टाकली, आणि सरकारी आकडा २०२३ मध्ये २.४ वर. दरी जिथल्या तिथे. आता बोला.

टिंबटिंब

थोडक्यात, एकतर सगळ्यांना सारखं वाटा, नाहीतर सगळ्यांना आत टाका. दोन्हीकडे जिनी शून्य.

जुना फौजदार

टिंबटिंब, तुरुंगात जिनी शून्य नसतो. आत कोणाच्या खाटेखाली किती साबणाच्या वड्या आहेत ते बघा एकदा.

शंकेखोर

आडवाट, एल साल्वादोरच्या आकड्यात न्यायालयाचं तोंडही न पाहिलेली माणसं धरलीत का? ज्याचा मुलगा उगाच उचलला गेला त्याच्या लेखी गुन्हा कमी झाला की वाढला?

आडवाट

मी भलामण करत नाहीये. दरी न हलवता आकडा हलतो एवढंच म्हणतोय. किंमत काय मोजली हा वेगळा धागा काढा, तिथेही येतो भांडायला.

जुना फौजदार

एरवी मी नुसता वाचत असतो. पण विषय माझ्या पोटापाण्याचा होता, तेव्हा थोडं लांबण लावतो.

सगळे खुनांचेच आकडे का देताहेत, याचा विचार केलात का? चोरीच्या आकड्यांत चोरीइतकाच विश्वास मोजला जातो. लोकांना वाटलं की ठाण्यावर जाऊन उपयोग आहे, तर तक्रार येते. नाही वाटलं तर माणूस घरी बसून शिव्या देतो. त्यामुळे दोन देशांच्या चोऱ्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या तराजूंची तुलना. प्रेत मात्र सहसा लपत नाही, म्हणून सगळे अभ्यासक खुनावर जातात.

माझाच किस्सा. माझ्या हद्दीतल्या एका गल्लीतून वर्षभर एकही तक्रार नव्हती. वरिष्ठ खूश. एक दिवस एक बाई आल्या, हातात मुलाची जुनी वही. मागच्या पानांवर त्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या: कोणाच्या घरातून काय गेलं, किती वाजता कळलं. एकाच इमारतीत अकरा चोऱ्या. म्हटलं, आजवर का नाही आलात? तर म्हणाल्या, "आमचं कोण लिहून घेणार? पण तुमच्यातल्या एकाने परवा बसथांब्यावर विसरलेली छत्री घरी आणून दिली, म्हटलं बघू." आमच्या शिपायाने छत्रीच्या दांड्यावर कोरलेलं आडनाव वाचून घर शोधलं होतं. बाईंच्या मागोमाग आणखी आठ जण आले. त्या तिमाहीत माझ्या हद्दीत गुन्हे "वाढले" आणि मला खुलासा मागितला गेला. खुलाशात छत्रीचा उल्लेख करावा की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी नाही केला.

दुसरं, खुनांबद्दल. सिनेमात दाखवतात तसे आखून केलेले खून मी हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच पाहिले. बाकी सगळे "काय बघतोस रे" आणि "धक्का का मारलास" मधले. वूल्फगँग नावाच्या संशोधकाने फिलाडेल्फियातल्या ५८८ खुनांचा अभ्यास करून १९५८ मध्ये तेच छापलं: कारणांमधला सगळ्यात मोठा गट क्षुल्लक बाचाबाचीचा. पंचनाम्यात कारण लिहिताना लाज वाटावी इतकं क्षुल्लक. पण आरोपीशी तासभर बोललात की कळतं, त्याच्या लेखी ते क्षुल्लक नव्हतंच. नोकरी नाही, घरात किंमत नाही, समोरून जाणारी प्रत्येक गाडी त्याला तू कोणी नाहीस म्हणून सांगतेय. चार पोरांसमोरची पत एवढंच त्याच्या गाठीला होतं, आणि कोणीतरी त्यालाच हात घातला. रातकिडा, हाव म्हणालात ती मला चोऱ्यांत दिसली. मारामाऱ्यांत अपमान दिसला.

नवशिका

छत्रीचा किस्सा. _/\_

सायंतारा

फौजदारकाका, तुमच्या "अपमान" शब्दावरून लिहायला बसले.

एका मोठ्या गोदामात मी तीन वर्षं संध्याकाळच्या पाळीत होते. पहिली दोन वर्षं बाहेर पडताना कोणाची पिशवी कोणी बघत नसे. माल थोडाफार जायचा. कोण नेतं तेही आम्हाला माहीत होतं, दोघं होते. पण ते जपून असायचे, कारण टेप सुटलेलं खोकं दिसलं की कोणीतरी हमखास ओरडायचं, "हे कोणाच्या रांगेतलं?" कोणी पढवलं नव्हतं, सवयच होती.

मग व्यवस्थापन बदललं आणि दारावर झडती सुरू झाली. आम्हा माल उचलणाऱ्यांची. पिशवी उलटी करायची, खिसे बाहेर काढायचे, कधी कधी बूटसुद्धा. कार्यालयातल्यांना बाजूचं काचेचं दार, कार्ड टेकवलं की उघडणारं. आम्ही रांगेत उभे असताना ते पलीकडून जाताना दिसायचे. बऱ्याच जणांची नजर खाली असायची, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. रांगेतली वीस मिनिटं पगारात धरत नसत. माझ्यापुढे एक पन्नाशीच्या बाई असायच्या, त्या रोज पिशवीतला रिकामा डबा स्वतःच उघडून दाखवायच्या, कोणी मागायच्या आधी. महिनाभराने त्यांनी डबा आणणंच बंद केलं.

वर्षअखेरीस मोजदाद झाली तर माल आधीपेक्षा जास्त गेलेला. सगळे चोर झाले म्हणून नाही. ते दोघं तेच होते. पण आता सुटलेलं खोकं दिसलं तरी कोणी ओरडत नव्हतं. मीही नाही ओरडले. एकदा समोर दिसलं, आणि मनात आलं, झडती घेतात ना, मग शोधा. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, आणि रागही येतो.

टिंबटिंब

आज विनोद नाही. थांबतो.

खिडकीतून

सायंतारा, तुम्ही जे लिहिलंत ना, "कोणी ओरडत नव्हतं", नेमकं तेच लोकांनी मोजायचा प्रयत्न केलाय. सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स यांचा शिकागोचा अभ्यास, १९९७. शहराचे ३४३ भाग पाडले आणि ८,७८२ रहिवाशांना घरी जाऊन विचारलं. प्रश्न साधे होते. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? कोणी भिंतीवर रंग फासत असेल तर? जवळचं अग्निशमन केंद्र बंद व्हायला आलं तर लोक एकत्र येतील का? सोबत, शेजाऱ्यांवर भरवसा आहे का, हेही.

जिथे "हो, बोलतील" असं उत्तर आलं तिथे हिंसा कमी. गरिबी सारखी असलेल्या दोन भागांतसुद्धा हा फरक दिसला. पण याला दुसरी बाजू आहे. जिथे दैन्य एकाच ठिकाणी साचलंय आणि भाडेकरू सतत बदलताहेत, तिथे मुळात "हो" म्हणणारेच कमी. म्हणजे रातकिडांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की दरीचा बराचसा मार शेजारधर्मावर पडतो, आणि त्यातून पुढे गुन्हा. सगळा नव्हे. बराचसा.

शंकेखोर

इथे मी अडणार. "शेजारी बोलतील" हे ऐकायला गोड वाटतं. मी अशाच बोलणाऱ्या शेजाऱ्यांत वाढलो. माझी बहीण कामावरून किती वाजता परतते याची नोंद समोरच्या खिडकीत असायची. नवीन भाडेकरूचं आडनाव ऐकून जिन्यातले आवाज बदलायचे. त्या वस्तीत चोऱ्या खरंच कमी होत्या. पण तो विश्वास "आपल्या" लोकांपुरता होता, आणि "आपलं" कोण ते ठरवणारे चार जण होते. टोळीतही विश्वास असतोच की! टोळी तर त्यावरच चालते.

गणिती

रास्त. म्हणून अभ्यासक दोन विश्वास वेगळे धरतात: ओळखीच्यांवरचा आणि अनोळखी माणसावरचा. जागतिक मूल्य सर्वेक्षणात कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारतात: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की जपून राहिलेलं बरं? नॉर्वेत दहातले सात जण म्हणतात, ठेवता येतो. ब्राझील, कोलंबियात दहातला एकही पुरता नाही. विषमतेशी घट्ट जोडलेला आहे तो हा दुसरा विश्वास. शंकेखोरांच्या जिन्यात पहिला भरपूर होता, दुसरा शून्य.

नवशिका

अनोळखी विश्वासावरून: पाकिटांचा प्रयोग माहितीये का? २०१९ मध्ये छापून आला. ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांवर पाकिटं. संशोधकांचा माणूस बँकेत, टपाल कार्यालयात, हॉटेलात जाऊन "हे रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा" म्हणून काउंटरवर पाकीट देऊन निघून जायचा. पाकीट पारदर्शक, आत किल्ली, वाणसामानाची यादी, नावाची कार्डं. काहींत पैसे, काहींत नाहीत.

बिनपैशाच्या पाकिटांसाठी शंभरातले ४० जण मालकाला कळवायचे. पैसे असलेल्यांसाठी ५१! तीन देशांत भरघोस रक्कम ठेवून पाहिली तर ७२. आधी अर्थतज्ज्ञांना अंदाज विचारला होता, त्यांचाही चुकला. मला हे वाचून दोन दिवस बरं वाटत होतं.

टिंबटिंब

माझं पाकीट हरवलं होतं तेव्हा परत मिळालं. आत बघून बिचाऱ्याने वर स्वतःचे थोडे टाकले असावेत, मला आठवत होते त्यापेक्षा जास्त निघाले.

(आलो परत. राहवलं नाही.)

आडवाट

नवशिका, त्याच प्रयोगात देशादेशांतला फरकही बघा. स्वित्झर्लंड, नॉर्वे वर, काही देश अगदी तळाला. तळाच्या देशांतली माणसं मुळात वाईट म्हणायची का? नुसताच प्रश्न विचारतोय, उत्तर नको आहे.

पहाऱ्यावरचा

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ.

मी रात्रपाळीचा पहारेकरी. रातकिडा साहेब म्हणतात तशाच एका काचेच्या इमारतीला. बारा तास उभं-बसून राखण करतो. ज्या गाड्यांसाठी फाटक उघडतो त्यातल्या एका गाडीची चार चाकं म्हणजे माझा वर्षाचा पगार असेल.

आमच्याकडे एक वही आहे. नाव, कोणाकडे, आल्याची वेळ, सही. नियम सगळ्यांना सारखा, असं वहीच्या पुठ्ठ्यावर छापलंय. पण गाडीतून येणाऱ्याने काच खाली केली नाही तर मी काय करणार? पहिल्या आठवड्यात एकाला थांबवलं होतं, दुसऱ्या दिवशी मला समज मिळाली. त्यामुळे चार वर्षांच्या वह्यांत एकही गाडीवाला नाही. कामाला येणाऱ्या बाया, सामान पोचवणारी पोरं, नळ दुरुस्त करणारा, सगळे पायी.

मागच्या वर्षी वरच्या एका घरातून दागिने गेले. सगळ्यांनी आधी वही मागितली. वहीत काय सापडणार? पायी आलेले. दोन बायांची आणि माझी चौकशी झाली, त्यातल्या एकीचं काम सुटलं. महिन्याने कळलं, घरातल्याच नात्यातल्या माणसाचं काम. तो गाडीतून यायचा. काम सुटलेल्या बाईला कोणी परत बोलावलं नाही.

मला कोणी विचारलं, दरी आणि विश्वास म्हणजे काय, तर मी ती वही दाखवीन.

सायंतारा

दादा, पहिल्यांदाच लिहिताय म्हणून माफी मागताय? लिहीत राहा.

गणिती

याला जोडूनच. बोल्स आणि जयदेव या अर्थतज्ज्ञांनी "पहाऱ्याचे श्रम" नावाची कल्पना मांडली आहे: काही निर्माण न करता असलेलं राखण्यासाठी खर्ची पडणारी माणसं. पहारेकरी, तुरुंगाचे रखवालदार, वगैरे. अधिक विषम देशांत कामकऱ्यांमधला त्यांचा वाटाही मोठा निघतो. रातकिडांचं तिसरं कुलूप त्याच हिशोबात धरायला हवं.

उंबरठा

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. विश्वास नसला की तो विकणारे उभे राहतात. सिसिलीचा माफिया म्हणजे मुळात खासगी संरक्षणाचा धंदा, अशी समाजशास्त्रज्ञ गांबेट्टा यांची मांडणी आहे. आणि तो धंदा वाढला कशावर? लिंबांवर!

१७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या) खलाशांवर लिंबूवर्गीय फळांचा उपाय करून दाखवला. १७९५ पासून ब्रिटिश आरमार लिंबाचा रस वाटायला लागलं. मागणी चढली, सिसिलीतले मळे सोन्याचे झाले. लिंबू झाडावरून रात्रीत तोडून नेता येतं, आणि सरकार दूर, दुबळं. मग मळ्यांना उंच भिंती, भिंतींवर राखणदार, आणि राखणदाराला पैसे दिले नाहीत तर लिंबं कोण नेतं हे सांगायला नको. २०१७ मध्ये डिमिको, इसोपी आणि ओल्सन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या चौकशीचे कागद ताडून पाहिले: लिंबूवर्गीय बागा होत्या तिथे माफिया जास्त.

टिंबटिंब

कुलपांवरून लिंबांवर. धागाकर्त्याने आता दाराला लिंबू बांधावं, तीन कुलपांपेक्षा स्वस्त.

शंकेखोर

एक मुद्दा कोणीच काढला नाही. आपण मघापासून खालच्या टोकाचेच गुन्हे मोजतोय. १९३९ मध्ये एडविन सदरलंड यांनी अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या सभेत अध्यक्षीय भाषणात हेच सुनावलं होतं: प्रतिष्ठितांचे, हुद्द्यावरून केलेले गुन्हे तुमच्या तक्त्यांत येतच नाहीत, आणि मग तुम्ही म्हणता गुन्ह्याचं कारण गरिबी. ती वही पहाऱ्यावरच्यांकडची एकटीच नाही. सगळी आकडेवारीच बरीचशी पायी आलेल्यांची आहे.

जुना फौजदार

मान्य. माझ्या तीस वर्षांत कागदावर लुटणारा माणूस बेड्यांत आणला तो एकदा. तोही खुर्ची मागत होता, आणि आम्ही दिली.

खिडकीतून

वादात थोडी कामाची गोष्टही असू दे. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड घेऊन प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे भूखंड निवडले. काही साफ करून गवत, झाडं लावली, बाजूला बुटकं लाकडी कुंपण घातलं. काही नुसते झाडले. काही तसेच ठेवले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी उतरली. कोणाचंही उत्पन्न वाढलेलं नाही. लोक बाहेर बसायला लागले, एवढंच. कुंपणही बुटकं, आणि त्यात आत यायला मोकळी जागा ठेवलेली.

आडवाट

म्हणजे दरी न हलवता आकडा हलतो. मी हेच म्हणत होतो.

खिडकीतून

हो, आणि तुमच्या एल साल्वादोरपेक्षा फार कमी माणसं आत टाकून. :)

आडवाट

पकडलंत. बरं, एक पाऊल मागे घेतो. हाँगकाँगच्या उदाहरणाने दरी निर्दोष ठरत नाही, मध्ये आणखी काहीतरी असतं एवढंच ठरतं. सायंतारांच्या गोदामातही वेतनातला फरक पहिल्या दोन वर्षांत होताच. तेव्हा लोक ओरडत होते. बिनसलं ते दोन दारं झाल्यावर. दुसरं पाऊल मात्र मागे घेणार नाही: अमेरिकेतली १९९१ नंतरची घट कोणी विषमतेच्या सिद्धांतातून समजावून दाखवा, मग बोलू.

गणिती

नाही समजावता येत. कोणी एका कारणाने समजावतो म्हणाला तर सावध राहा, मी असलो तरी.

सायंतारा

दोन दारं. हो. पैशांचं आम्हाला आधीही माहीत होतं.

शंकेखोर

रातकिडा, धागा तुमचा आणि तुम्हीच गायब! आता एक सरळ प्रश्न. पहिल्या पोस्टपासून विचारायचा राहिलाय. तिसरं कुलूप लावलंत, ठीक. तुमच्याकडे किंवा तुमच्या मजल्यावर चोरी झाली केव्हा?

रातकिडा

आहे, वाचतोय सगळं.

नाही झाली. या दहा वर्षांत एकदाही नाही. समोरच्या इमारतीत झाली असं ऐकलं, तेही कोणाकडून ते आठवत नाही. पहाऱ्यावरच्यांचा प्रतिसाद वाचल्यावर तर ती गोष्ट नेमकी काय होती तेही सांगवत नाही.

डबा कधी गेला हे मात्र काल आठवलं. तो कोणी चोरला नव्हता. नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा "यांची नीट ओळख होईपर्यंत" म्हणून मीच माझी किल्ली त्यातून काढून घेतली होती. मग बाकीच्यांनी काढल्या. रिकामा डबा वर्षभर तिथेच होता, नंतर रंगकामात गेला.

आज सकाळी तिसऱ्या कुलपाची जादा किल्ली घेऊन शेजारच्या त्या बिऱ्हाडाकडे गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं. म्हटलं, "ही आमची किल्ली, तुमच्याकडे राहू द्या, कधी लागली तर." त्या गृहस्थांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "का? काय झालंय?"

टिंबटिंब

घेतली का शेवटी?

रातकिडा

बायकोला विचारून सांगतो म्हणालेत.